दीर्घिकेच्या गाभ्यात जळतंय तरी काय?

विज्ञान दिनाला आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेचं आवार पाहून आलेल्या वाचकांची पत्रं मार्च उलटला तरी येतच आहेत. निम्मी पत्रं कृष्णविवरांवर आहेत, उरलेली ‘पुण्यातून तारे का दिसत नाहीत’ या तक्रारीची. तक्रारवाल्यांना एवढंच सांगते की गच्चीवरचे दिवे मालवा, आणि शेजाऱ्यांनाही मालवायला लावा. कृष्णविवरवाल्यांची चार पत्रं मात्र एकाच गोष्टीभोवती, म्हणजे दीर्घिकांच्या (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड वस्त्यांच्या) गाभ्याभोवती घुटमळणारी निघाली, म्हणून या महिन्याचं सदर त्यांच्या नावे.

प्रश्न : आयुकात एका तरुण संशोधकाने आम्हाला सोम्ब्रेरो दीर्घिकेचं चित्र दाखवलं आणि म्हणाला, “हिचं केंद्र किंचित सक्रिय आहे.” मी म्हटलं, किंचित म्हणजे किती? आत कृष्णविवर असेल, तर ते एक तर खातंय किंवा उपाशी आहे. मागे रांग होती, तो हसून पुढे गेला. आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला ‘किंचित’ हा आकडा चालत नाही.
— एक निवृत्त बँक अधिकारी, कोथरूड

उत्तर : चालूच नये. आकडे घ्या.

कृष्णविवराच्या खाण्याला एक मर्यादा असते. आत पडणारा वायू तापून प्रकाश टाकतो आणि त्या प्रकाशाचा दाब मागून येणाऱ्या वायूला बाहेर रेटतो. ओढ आणि रेटा समसमान झाले की उजेड त्यापुढे सहसा जात नाही. आर्थर एडिंग्टन यांनी ताऱ्यांसाठी मांडलेला हा हिशोब कृष्णविवरांनाही लागू पडतो. एका सूर्याएवढ्या वस्तुमानामागे सुमारे ३३ हजार सूर्यांचा उजेड, ही ती मर्यादा. सोम्ब्रेरोच्या केंद्रातलं कृष्णविवर सुमारे १०० कोटी सूर्यांच्या वजनाचं आहे. म्हणजे त्याची ऐपत झाली ३३ लाख कोटी सूर्यांची. प्रत्यक्षात तिथून निघणारा उजेड या ऐपतीचा लाखावा भागही भरत नाही. त्या मुलाचं ‘किंचित’ ते हेच. आपल्या आकाशगंगेच्या केंद्राची अवस्था तर याहून बिकट आहे. वजन सुमारे ४० लाख सूर्य, ऐपत १३ हजार कोटी सूर्यांची, आणि उजेड जेमतेम काही शे सूर्यांचा.

तेव्हा ‘खातंय’ आणि ‘उपाशी’ यांच्या मध्ये पायऱ्याच पायऱ्या आहेत. कार्ल सेफर्ट यांनी १९४३ साली झगझगीत केंद्रांच्या काही दीर्घिका वेगळ्या काढल्या. १९६३ साली मार्टिन श्मिट यांनी ३सी २७३ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ठिपक्याचा वर्णपट (प्रकाशाची रंगांनुसार केलेली फोड) उलगडला आणि तो ठिपका दोनशे कोटी प्रकाशवर्षांहून दूर असल्याचं निघालं. तो पहिला ओळखला गेलेला क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकेचं अतिशय झगझगीत केंद्र. सगळं लक्ष मग या श्रीमंतांकडे गेलं. डोनाल्ड लिंडन-बेल यांनी १९६९ मध्ये मांडलं की क्वेसार विझल्यावर त्यांची कृष्णविवरं कुठे जाणार, ती आसपासच्या साध्यासुध्या दीर्घिकांच्या पोटातच बसलेली असणार. मला हा विचार क्वेसारच्या शोधाहूनही मोठा वाटतो. आपल्या शेजारच्या दीर्घिकांचे गाभे तपासायला पाहिजेत, ही निकड त्यातूनच पुढे आली.

उजेड कमी असण्याची कारणं दोन. पहिलं उघड आहे, खायलाच कमी. एक लाख कोटी सूर्यांइतका तळपणारा क्वेसार वर्षाला एका सूर्यापेक्षा थोडं कमी वस्तुमान गिळतो. मंद केंद्राला त्याचा बारीकसा अंश मिळतो, बहुतेक वेळा आसपासच्या म्हाताऱ्या ताऱ्यांनी वाऱ्यावर सोडलेला वायू.

दुसरं कारण जास्त मजेचं आहे. वायू भरपूर असेल, तर तो चपट्या, दाट तबकडीतून फिरत फिरत आत उतरतो, घर्षणाने तापतो आणि ती उष्णता तिथल्या तिथे प्रकाश म्हणून टाकून देतो. निकोलाय शाकुरा आणि रशीद सुन्यायेव यांनी १९७३ साली अशा तबकडीचं गणित मांडलं. तिच्यात आत पडणाऱ्या वस्तुमानाच्या १० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा बाहेर पडते. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचं हेलियम होताना हा आकडा ०.७ टक्क्यावर थांबतो. म्हणजे ही तबकडी कमालीची कार्यक्षम भट्टी आहे. वायू विरळ असला की मात्र सगळं बिनसतं. तापतात मुख्यतः जड आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू), आणि प्रकाश टाकायचं काम असतं हलक्या इलेक्ट्रॉनांचं. विरळपणामुळे दोघांची टक्करच क्वचित होते, त्यामुळे उष्णता आयनांकडे अडकून राहते आणि त्यांच्यासकट कृष्णविवरात गडप होते. तबकडी फुगून गोळ्यासारखी होते, अंधूक राहते. या प्रवाहाचं नीट गणित रमेश नारायण आणि इन्सू यी यांनी १९९४-९५ मध्ये केलं. नारायण मद्रास आणि बंगळुरूला शिकलेले, पुढे हार्वर्डला गेलेले.

याचा एक पुरावा असा. दाट तबकडी असलेल्या केंद्रांच्या उजेडात अतिनील भागात मोठा फुगवटा दिसतो. एम८१ या दीर्घिकेसारख्या मंद केंद्रांत तो फुगवटा जवळजवळ नसतोच, आणि त्या मानाने क्ष-किरण व रेडिओ लहरी जोरात असतात. आतला दाट भाग विरून गेला असावा, असं त्यावरून दिसतं. शिवाय काही ऊर्जा उजेडात न जाता फवाऱ्यात, म्हणजे केंद्रातून वेगाने बाहेर उडणाऱ्या अरुंद धारेत जाते. एम८७ या दीर्घिकेचं केंद्र हे त्याचं ठळक उदाहरण. २०१९ मध्ये ज्याच्या सावलीचं चित्र प्रसिद्ध झालं ते हेच कृष्णविवर, वजन सुमारे ६५० कोटी सूर्य. ऐपतीच्या मानाने तेही लाखात एक भाग उजळत नाही. पण त्याचा फवारा हजारो प्रकाशवर्षं लांब आहे, आणि हेबर कर्टिस यांना तो १९१८ सालीच दिसला होता.

आता तुमच्या पत्रातला “आत कृष्णविवर असेल तर” हा तुकडा. तुम्ही तो सहज लिहिलात, पण खरी चौकशी तिथेच आहे. सोम्ब्रेरोच्या बाबतीत शंका नाही, केंद्राजवळच्या ताऱ्यांच्या वेगावरून आतलं वजन मोजलेलं आहे. पण शेकडो दीर्घिकांच्या बाबतीत आपल्याकडे असतो फक्त वर्णपट. तिथे जळतंय ते कृष्णविवरच, हे कशावरून?

१९८० साली टिमथी हेकमन यांनी जवळच्या दीर्घिकांच्या केंद्रांचे वर्णपट लावून पाहिले, तेव्हा एक विचित्र जात सापडली. वायू चमकत होता (प्रत्येक प्रकारचा अणू वर्णपटात आपापल्या रंगाच्या उजळ रेषा उमटवतो), पण सेफर्टच्या केंद्रांसारखा नाही. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरची हिरवट रेषा फिकी होती. एकच इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ३७२.७ची रेषा तिच्यापेक्षा जोरात होती. आणि एकही इलेक्ट्रॉन न गमावलेल्या ऑक्सिजनची ६३० नॅनोमीटरची तांबडी रेषा हिरवीच्या एक-तृतीयांशाहून ठळक होती. थोडक्यात, वायू तापलेला आहे, पण अणू फारसे सोललेले नाहीत. हेकमन यांनी या केंद्रांना ‘लायनर’ नाव दिलं. पुढे ल्युईस हो, ॲलेक्स फिलिपेंको आणि वॉलेस सार्जेंट यांनी पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीने जवळच्या ४८६ तेजस्वी दीर्घिकांची केंद्रं तपासली. त्यातली जवळपास एक-तृतीयांश लायनर किंवा लायनरची भेसळ असलेली निघाली. जात दुर्मिळ नव्हती, घरोघरी होती.

मग हा वायू चमकवतंय कोण? संशयित चार. पहिलं, कमी खाणारं कृष्णविवर. त्याचे क्ष-किरण वायूच्या ढगात खोलवर घुसतात आणि अर्धवट आयनीभूत असा जाड पट्टा तयार करतात. त्या पट्ट्यात अखंड ऑक्सिजन अणू आणि गरम इलेक्ट्रॉन एकत्र नांदतात, म्हणून ६३०ची रेषा उठते. १९८३ मध्ये गॅरी फर्लंड आणि हागाई नेत्झर यांनी, आणि स्वतंत्रपणे ज्यूल्स हॅल्पर्न व जुआव स्टायनर यांनी हीच बाजू मांडली. दुसरा संशयित धक्का-लहरी. वायूचे ढग सेकंदाला शेकडो किलोमीटरने आपटले की तापतात आणि साधारण अशाच रेषा देतात. तिसरा, नुकतेच जन्मलेले अतितप्त तारे. यांच्यावरचा संशय आता बराच मावळलाय, कारण बहुतेक लायनर म्हाताऱ्या दीर्घिकांत सापडतात आणि तिथे पाळणा हललेलाच नसतो. चौथ्या संशयिताबद्दल पुढच्या पत्रात, कारण एका मुलीच्या प्रकल्पात तो नेमका आडवा आलाय.

प्रश्न : आमच्या प्रकल्पात आम्ही स्लोन या आकाश-सर्वेक्षणाच्या खुल्या माहितीतून एका दीर्घिकेचा वर्णपट घेतला आणि रेषांची गुणोत्तरं काढून आलेखावर ठिपका ठेवला. तो बरोबर लायनरच्या कोपऱ्यात पडला. मैत्रीण म्हणते, अहवालात ‘कृष्णविवर सापडलं’ असं लिहू. सर म्हणतात, लिहू नका. ताई, कुणाचं ऐकू?
— तृतीय वर्ष, भौतिकशास्त्र, फर्ग्युसन कॉलेज

उत्तर : सरांचं. पण ते सांगतात म्हणून नको, तर पुढचं वाचून पटलं तर.

तू वापरलेला आलेख जॅक बाल्डविन, मार्क फिलिप्स आणि रॉबेर्तो तेर्लेविच यांनी १९८१ मध्ये सुचवला. एका अक्षावर हिरव्या ऑक्सिजन रेषेला हायड्रोजनच्या हिरव्या-निळ्या रेषेने भागायचं, दुसऱ्यावर ६५८.३ नॅनोमीटरच्या नायट्रोजन रेषेला ६५६.३च्या तांबड्या हायड्रोजन रेषेने. शेजारशेजारच्या रेषा घेतल्यामुळे वाटेतल्या धुळीचा घोळ होत नाही, ही त्यातली हुशारी. तरुण तारे एका पट्ट्यात पडतात, सेफर्ट वर उजवीकडे, लायनर खाली उजवीकडे. हा आलेख सांगतो की अणूंना सोलणारा प्रकाश किती ‘कडक’ आहे आणि वायूच्या मानाने किती आहे. तो कुठून येतो, हे तो सांगत नाही.

चौथा संशयित इथेच शिरतो. सूर्यासारखे तारे म्हातारपणी लाल राक्षसी होतात, मग बाहेरचा वायू झटकून टाकतात. आत उरतो उघडा गाभा, तापमान एक लाख अंशांच्या घरात. थंड होऊन श्वेतखुजा होण्याआधी थोडा काळ तो अतिनील किरणांचा मारा करतो. एक तारा यात फार वेळ टिकत नाही, पण दहा हजार कोटी ताऱ्यांच्या दीर्घिकेत केव्हाही पाहा, अशा अवस्थेतले तारे भरपूर सापडतात. लुक बिनेट आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवलं की एवढ्या किरणांवर विरळ वायू लायनरसारखाच चमकतो. म्हणजे कृष्णविवर झोपलेलं असलं तरी तुझा ठिपका त्याच कोपऱ्यात पडेल.

आता तुझा वर्णपट घेतला कसा, ते बघ. न्यू मेक्सिकोतल्या ॲपाची पॉइंटची ती २.५ मीटरची दुर्बीण, आणि तीन विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) व्यासाचा प्रकाशतंतू. तुझी दीर्घिका समजा ३२ कोटी प्रकाशवर्षांवर आहे, तर त्या तंतूत सुमारे ४७०० प्रकाशवर्षं रुंदीचा भाग एकदम मावतो. रात्री सिंहगडावरून पुण्याकडे पाहिलं की क्षितिजावर एक उजळ धुरकट पट्टा दिसतो. तो एखाद्या मैदानावरच्या प्रकाशझोतांचा की लाखो घरांतल्या दिव्यांचा, हे नुसत्या उजेडाच्या रंगावरून सांग बघू. त्यासाठी उजेड कसा पसरलाय ते पाहायला लागतं.

ते पाहिलं गेलं. स्पेनमधल्या कलार आल्तो वेधशाळेच्या कॅलिफा सर्वेक्षणाने आणि नंतर ॲपाची पॉइंटच्याच मांगा सर्वेक्षणाने दीर्घिकेच्या प्रत्येक तुकड्याचा वेगळा वर्णपट घेतला. उजेडाचा उगम केंद्रात असता, तर वायूवर पडणारे किरण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटले असते. बऱ्याच दीर्घिकांत रेषांचा उजेड त्याहून सावकाश उतरत गेला, जवळजवळ ताऱ्यांच्या उजेडाबरोबर. आणि लायनरच्या खुणा केंद्रापासून हजारो प्रकाशवर्षं दूरही मिळाल्या. तिथल्या वायूला चमकवायला मधलं कृष्णविवर कुठून पुरणार? या दीर्घिकांत म्हातारे तारेच सगळा खर्च भागवत होते. लायनर म्हणून मोजलेली कितीतरी नावं अशी यादीतून उतरली.

म्हणून तुला पहिलं काम सांगते, आजच होण्यासारखं. ६५६.३च्या रेषेची सममूल्य रुंदी काढ, म्हणजे ती रेषा मागच्या ताऱ्यांच्या उजेडाच्या मानाने किती भारी आहे ते. रोबेर्तो सिद फर्नांदिस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्यासाठी एक सोपी रेघ आखून दिली. रुंदी तीन अँगस्ट्रॉमपेक्षा (०.३ नॅनोमीटरपेक्षा) कमी असेल, तर म्हाताऱ्या ताऱ्यांवर सगळं भागतं, दुसऱ्या कुणाला बोलवायची गरज नाही. अशा दीर्घिकांना ते ‘निवृत्त’ म्हणतात. (कोथरूडच्या वाचकांनी मनावर घेऊ नये.) रुंदी त्याहून जास्त असेल, तर तुझ्या मैत्रिणीला थोडी आशा आहे. आणि हे करताना ताऱ्यांचा वर्णपट आधी नीट वजा कर. ताऱ्यांच्या स्वतःच्या काळ्या हायड्रोजन रेषा या दुबळ्या उजळ रेषा खाऊन टाकतात. मी आयुकाच्या गिरवलीतल्या दोन मीटर दुर्बिणीचे वर्णपट साफ करत असे, तेव्हा रात्रीच्या निरीक्षणापेक्षा या वजाबाकीत जास्त वेळ जायचा आणि निकालही तिथेच फिरायचा.

दुसरी कसोटी क्ष-किरणांची. १९९९ पासून अवकाशात असलेल्या चंद्रा दुर्बिणीला अर्ध्या विकलेपर्यंत बारीक दिसतं. तुझ्या दीर्घिकेच्या बरोब्बर मध्यावर क्ष-किरणांचा टोकदार ठिपका असेल, तर कृष्णविवराचा दावा भक्कम होतो. असे ठिपके बऱ्याच लायनरांत मिळालेत. पण इथे एक पेच आहे आणि त्यावर लोक अजून भांडतात. माइक एराक्लियस आणि सहकाऱ्यांनी २०१० च्या सुमारास जमाखर्च मांडला. ठिपक्याच्या उजेडावरून आयनीभवनासाठी किती किरण मिळतात ते काढलं आणि रेषांसाठी किती लागतात त्याच्याशी ताडून पाहिलं. बऱ्याच ठिकाणी तूट आली. कृष्णविवर जागं आहे, हे खरं. वायूला तेच चमकवतंय, हे खोटं, किंवा अर्धंच खरं. उरलेलं म्हातारे तारे भरतात, किंवा फवाऱ्याने बसणारे धक्के. तेव्हा ‘आत कोण आहे’ आणि ‘बिल कोण भरतंय’ हे प्रश्न वेगळे ठेव. अहवालात ते एकाच वाक्यात आले, तर मी परीक्षक असते तर गुण कापले असते.

कधीकधी मात्र पुरावा आपण होऊन समोर येतो. एनजीसी १०९७ ही दक्षिणेकडची दीर्घिका, साधी लायनर म्हणून नोंदलेली. ब्राझीलच्या टाइझा स्टॉर्की-बर्गमन यांनी १९९१ मध्ये तिचा वर्णपट घेतला, तेव्हा हायड्रोजनची तांबडी रेषा खूप रुंद झालेली आणि तिला दोन शिखरं फुटलेली. एक शिखर आपल्याकडे येणाऱ्या वायूचं, दुसरं दूर जाणाऱ्या. सेकंदाला हजारो किलोमीटरने फिरणारी तबकडी असल्याशिवाय हे घडत नाही, आणि आधीच्या वर्णपटांत ही रुंद रेषा नव्हती. अशी रुंद रेषा तुझ्या वर्णपटात असेल, तर मैत्रिणीला पेढे दे. बहुधा नसेल.

अहवालाचं वाक्य सुचवून ठेवते: ‘या दीर्घिकेच्या मध्यभागात लायनरसदृश उत्सर्जन आढळले.’ पुढे सममूल्य रुंदीचा आकडा. बाकी वाचणाऱ्यावर सोड. आणि तू नाव-पत्ता नीट लिहून पत्र टाकलंस याचं कौतुक. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत की पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. त्या पद्धतीने पुष्कळ मुलं विज्ञानात आली असणार.

प्रश्न : खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आमच्या शाळेच्या वाटेवर दिसतात. मुलं विचारतात, सर, यांना कृष्णविवर दिसतं का? मी ‘हो’ म्हणून मोकळा होतो. बरोबर आहे ना?
— एक शिक्षक, नारायणगाव

उत्तर : ‘हो’च्या पुढे एक वाक्य जोडा: त्यांना कृष्णविवराचा भूतकाळ चांगला दिसतो.

गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या जीएमआरटीत, म्हणजे खोडदच्या या रेडिओ दुर्बिणीत, ३० तबकड्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. १४ मधोमध एकवटलेल्या, बाकीच्या तीन फाट्यांवर, सगळ्यात लांबच्या जोडीत साधारण २५ किलोमीटर. वर्तमान पाहायला हे अंतर तोकडं पडतं. मंद केंद्रात रेडिओ लहरी कृष्णविवराच्या अगदी लगतच्या भागातून येतात का, हे ठरवायला वेगवेगळ्या खंडांवरच्या तबकड्या एकत्र जोडाव्या लागतात. तसं केल्यावर अनेक लायनरांच्या मध्यावर इतका आटोपशीर रेडिओ ठिपका मिळतो, की त्याच्या तेजाला जोडलेलं तापमान दहा कोटी अंशांच्या वर जातं. ताऱ्यांनी तापवलेला वायू दहा हजार अंशांच्या आसपास घोटाळतो. म्हणून हा पुरावा ताऱ्यांना निर्दोष सोडून थेट कृष्णविवराकडे बोट दाखवतो, आणि धूळ त्याच्या आड येत नाही. मला विचाराल तर चारही पुराव्यांत हा सगळ्यात उजवा.

खोडदची ताकद आहे लांब तरंगलांबीत. केंद्र एकेकाळी जोरात होतं तेव्हा त्याने फवाऱ्यांतून इलेक्ट्रॉन बाहेर फेकले. त्यातले जास्त ऊर्जेचे लवकर थकतात. कमी ऊर्जेचे, लांब तरंगलांबीवर बोलणारे, काही कोटी वर्षं मिणमिणत राहतात. आज मंद असलेल्या केंद्राच्या दोन बाजूंना असे जुने ढग मिळाले, की ते पूर्वी मंद नव्हतं हे कळतं. नुसता केंद्राचा वर्णपट घेऊन हे कधीच कळलं नसतं.

मुलांना विज्ञान दिनाला घेऊन जात असाल तर मोबाइल खरोखर बंद करा, ‘सायलेंट’ नको. आकाशातून येणारा संदेश तुमच्या खिशातल्या फोनच्या मानाने अतिशय क्षीण असतो.

प्रश्न : नातू सांगतो, आपल्या आकाशगंगेच्या मधलं कृष्णविवर कधीही पुन्हा पेटेल. पेटलं तर पुण्यावर ऊन वाढेल का? आत्ताच गच्चीवर पापड टाकवत नाहीत.
— एक आजी, सदाशिव पेठ

उत्तर : आजी, नातू म्हणतो ते खोटं नाही. आकाशगंगेच्या पातळीच्या वर आणि खाली गॅमा किरणांचे दोन प्रचंड फुगे २०१० मध्ये सापडले. प्रत्येक सुमारे २५ हजार प्रकाशवर्षं उंच. केंद्रात पूर्वी काही मोठी घडामोड झाल्याची ती खूण असावी, असं पुष्कळांचं मत आहे. केंद्राजवळच्या एका ढगावर क्ष-किरणांचा प्रतिध्वनीही उमटलेला दिसतो. त्यावरून हे कृष्णविवर काही शे वर्षांपूर्वी आजच्यापेक्षा बरंच उजळलं होतं, असा हिशोब निघतो. शिवाजी महाराजांच्या आगेमागे म्हणा. पुण्यात कुणाला ते जाणवल्याची नोंद नाही.

समजा ते पूर्ण ऐपतीनिशी पेटलं, १३ हजार कोटी सूर्यांइतकं. ते आपल्यापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे. सगळ्या प्रकारच्या किरणांची बेरीज केली तरी इथे पोचणारा उजेड पौर्णिमेच्या चांदण्याच्या पन्नासाव्या भागाइतका भरतो. त्यातही दृश्य प्रकाशाला वाटेतली धूळ अडवते. तिच्यातून पार होतो लाख कोटीतला एखादा कण. पापडांना त्याचा ना त्रास ना उपयोग. वाळवणं सकाळी दहाच्या आत टाका आणि सूर्याकडे लक्ष ठेवा. नातवाला केंद्राची जागा दाखवायची असेल, तर वैशाखात मध्यरात्रीनंतर धनु रास आग्नेयेला वर येते तेव्हा गच्चीवर घेऊन जा.